एकेचाळीस डेसिबल

"मॅडम, तुमच्या बाबांचा फोन होता," रिसेप्शनवरच्या मुलीनं दार अर्धं उघडून सांगितलं. "आईची कानाची मशिनं सापडली म्हणाले. तुमच्या तपकिरी पर्समध्ये होती. पट्टा शिवायला घेतला तेव्हा मिळाली." मग स्वतःचा कान चोळत ती हसली. "केवढ्यानं बोलतात हो! मी रिसीव्हर टेबलावर ठेवला तरी सगळं कळत होतं." मीही हसले. तिच्याएवढाच वेळ हसले आणि "बरं" म्हणाले. दार लागलं. या दाराला कडेनं जाड रबर आहे, त्यामुळे ते लागताना आवाज होत नाही, फक्त हवा दाबल्यासारखी होते आणि बाहेरचं जग बंद पडतं. काचेपलीकडे, कान तपासायच्या बूथमध्ये, एक निवृत्त शिक्षक हेडफोन लावून, डोळे मिटून, हातात बटण धरून बसले होते. त्यांना पुढचा स्वर द्यायचा होता. उजवा कान झाला होता, डावा चालू होता. माझं बोट कळीवर होतं आणि ते कशासाठी तिथं आहे हे मला काही क्षण आठवेना.

मशिनं कुठे आहेत हे मला ठाऊक होतं. अठरा दिवस ठाऊक होतं. पर्सचा पट्टा उसवल्याचं निमित्त करून मी ती खुंटीला अडकवली होती आणि दुसरी वापरायला काढली होती. चौतीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाच्या घरात उसवलेली वस्तू खुंटीवर फार दिवस टिकत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. हॉस्पिटलनं आईच्या वस्तू एका पिशवीत घालून दिल्या होत्या: चष्मा, घड्याळ, चपला, केसांचे दोन चाप. बाबांनी पाचव्या दिवशी ती पिशवी टेबलावर उपडी केली, एकेक वस्तू बोटानं बाजूला सारली आणि म्हणाले, "कानातली नाहीत." मग स्वतःच म्हणाले, "कानातच राहिली असतील. तिच्याबरोबरच गेली. बरं झालं." त्या 'बरं झालं'मध्ये मला त्यांचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झालेला दिसला. मी गप्प बसले. त्यानंतर ते रोज थोडं जेवू लागले.

मी शिक्षकांना स्वर देत राहिले. आमच्या कामात पहिल्या आठवड्यात शिकवतात की दोन स्वरांमधलं अंतर सारखं ठेवायचं नाही. कधी लगेच द्यायचा, कधी थांबायचं, कधी इतकं थांबायचं की समोरच्याला वाटावं, विसरली की काय. अंतर सारखं पडलं की माणसाला ताल सापडतो आणि तो आवाजाची वाट न पाहता तालावर बटण दाबायला लागतो. आलेख सुंदर येतो आणि खोटा असतो. एकोणीस वर्षांत मी ही चूक केली नव्हती. आज माझं बोट घड्याळासारखं चाललं होतं. लक्षात आलं तेव्हा मी मुद्दाम काहीच दिलं नाही, आणि ठरल्या वेळी काचेपलीकडे हिरवा दिवा लागला. शांततेला त्यांनी बटण दाबलं होतं. मी माइक सुरू केला. "काका, आवाज आला तरच दाबायचं हं."

"आला की."

"आत्ता? आत्ता मी दिलाच नव्हता."

ते जरा ओशाळले. "येणार होता," ते म्हणाले. "म्हणून दाबलं."

बाहेरच्या खुर्चीवर त्यांची बायको बसली होती. चाचणी संपल्यावर आत येऊन तिनं विचारलं, "पास का नापास? मुलांना आयुष्यभर नापास करत आले आहेत, म्हणून विचारते." मी सांगितलं की डावा कान पुन्हा तपासावा लागेल, चूक माझी आहे. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमची तब्येत बरी नाही वाटतं," ती म्हणाली. मी त्यांना पुढच्या आठवड्यातली तारीख दिली.

आई गेली त्या दिवशी सकाळी तिच्या कानांतली मशिनं मीच काढली होती. ऑक्सिजनच्या मास्कचे पट्टे कानांवरून जात होते आणि मशिनांवर घासत होते, त्यामुळे ती शीळ घालायची. आई गुंगीत होती, तरी प्रत्येक शिळेला तिच्या कपाळावर आठी येत होती. सिस्टर म्हणाली, "काढून ठेवा, हरवली तर आमच्यावर नको." मी दोन्ही काढली, पुसली, बॅटरीची झाकणं उघडली, डबीत ठेवली, डबी पर्समध्ये टाकली. झोपताना यंत्र काढायचं, झाकण उघडं ठेवायचं म्हणजे बॅटरी टिकते, डबी नेहमी एकाच जागी ठेवायची. हे मी दिवसातून सात-आठ जणांना सांगते. हातानं ते इतक्या सफाईनं केलं की डोक्याला त्याची नोंद करायची गरज वाटली नाही. दुसऱ्या कुठल्याही मुलीला ती काढताना विचार करावा लागला असता, आणि म्हणून दुपारी ते आठवलंही असतं.

दुपारी तीनला एकालाच आत सोडत. सकाळी डॉक्टरांनी बाबांना आणि मला कॉरिडॉरमध्ये घेऊन सांगितलं होतं की आता वाट पाहायची. कशाची ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. तीन वाजता मी पास बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि मला परत दिला. "तू जा," ते म्हणाले. "तिला सांग, घरी आल्यावर मोठ्यानं म्हण. सांग, मी म्हणालो म्हणून. मला चालेल. वरच्यांना ऐकू गेलं तरी चालेल." मी म्हटलं, "तुम्हीच सांगा ना." तर म्हणाले, "माझा आवाज तिथं मावणार नाही. बाजूला आजारी माणसं आहेत. तुला हळू बोलता येतं."

आई रोज सकाळी, गॅस पेटवण्याआधी, खिडकीपाशी खुर्चीत बसून देवाशी बोलायची. बोलायची म्हणजे बोलायचीच. पाठ केलेलं काही नसे. काल काय झालं, कोण आलं, माझ्या लग्नाचं कसं मोडलं, बाबांचं पोट साफ होतं की नाही, सगळं सांगायची, आणि शेवटी म्हणायची, "आता तू बघ." की उठून चहा टाकायची. मी विशीत असताना तिच्याशी वाद घालायचे. तेव्हा मी ढिगानं वाचत होते आणि जे वाचलं ते कुणावर तरी टाकल्याशिवाय मला चैन पडत नसे. मी विचारायचे, "तुझ्या देवाला हे सगळं आधीच ठाऊक नसतं का?" ती म्हणायची, "असतं की. तुझं काय बिनसलंय ते मला तुझ्या तोंडाकडे बघून कळतं. तरी तू येऊन सांगितलंस की मला बरं वाटतंच ना?" याला माझ्या कुठल्याच पुस्तकात उत्तर नव्हतं, म्हणून मी पुस्तकातलं दुसरं काहीतरी सांगायचे. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तुझं वाचून संपलं की सांग." ते संपलं नाही. फक्त मी तिच्याशी त्या विषयावर बोलणं संपवलं. पुढे तिचे कान गेले. मशिनं ती आंघोळीनंतर घालायची आणि देवाशी बोलणं आंघोळीआधी, त्यामुळे स्वतःचा आवाज तिला ऐकू येईना आणि तो चढत गेला. एकदा लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या बाईंनी मला काळजीनं विचारलं, "आता वडिलांचं पोट कसं आहे?"

मी ते घरी गंमत म्हणून सांगितलं. बाबांना गंमत वाटली नाही. दुसऱ्या दिवशी आई खुर्चीत बसून बोलायला लागली तसे ते स्वयंपाकघरातून ओरडले, "अगं, देव काय बहिरा आहे? सगळ्या बिल्डिंगला कशाला ऐकवतेस?" आईला काहीतरी म्हटल्याचं कळलं, काय ते कळलं नाही. तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणतात ग?" आणि मी सांगितलं. तिच्यासमोर बसले, उजेड माझ्या तोंडावर पडेल असं बघितलं, छोटी वाक्यं केली, एकेक शब्द सुटा उच्चारला. अक्षर न् अक्षर तिच्यापर्यंत पोचलं. ती "बरं" म्हणाली. त्यानंतर ती खुर्चीत बसायची, पण फक्त ओठ हलायचे. सहा महिने घरात सकाळी आवाज नव्हता. बाबा पेपर उगीचच मोठ्यानं उलटायचे.

तर त्या दुपारी मी आत गेले. दोन पलंगांमध्ये हिरवा पडदा होता आणि पडद्यापलीकडे कुणीतरी सारखं खोकत होतं. मी आईच्या कानाशी वाकले आणि बाबांचं वाक्य सांगितलं. दोनदा सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मग माझ्याजवळचं सगळं संपलं. डॉक्टरांजवळचं सकाळीच संपलं होतं. मॉनिटरवरचा आकडा खाली येत होता, आणि आयुष्यभर आकड्यांवर जगलेली मी त्याच्याकडे बघू शकत नव्हते. मी बोलत राहिले. पाऊण तास बोलले. तिचा हात धरला होता तरी मधेच केव्हातरी मी आईशी बोलत नव्हते. पावणेचारला ती गेली.

मशिनं मला चौथ्या दिवशी आठवली, इथेच, याच खुर्चीत, एका बाईला झाकण उघडं कसं ठेवायचं ते दाखवताना. वाक्य अर्धं तोंडात होतं. ती बाई वाट बघत होती. मी ते पूर्ण केलं. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी आवाज मोजायचं यंत्र घेऊन बूथमध्ये बसले, ते वीतभर अंतरावर ठेवलं आणि त्या दुपारी बोलले तसं, तेवढ्याच आवाजात, बाबांचं वाक्य बोलले. एकेचाळीस डेसिबल. पुन्हा बोलले. चाळीस, बेचाळीस, एकेचाळीस. आईचा आलेख मला पाठ आहे, मीच काढलेला. मशिनाशिवाय तिला पंचाहत्तरच्या खालचं काही ऐकू यायचं नाही. मी यंत्र बंद केलं, जागेवर ठेवलं, आणि तशीच बसून राहिले. तेवढ्यात एक गोष्ट आपणहून डोक्यात आली आणि मी तिला थांबवू शकले नाही: बाबांचा आवाज. लेथच्या घरघरीवर मात करता करता घडलेला, टेबलावर ठेवलेल्या रिसीव्हरमधून खोलीभर ऐकू जाणारा आवाज. मशिनाशिवाय आईला ऐकू येईल असा जगात एकच आवाज होता आणि तो त्या दुपारी जिन्यापाशी बाकावर बसून होता, कारण त्याला हळू बोलता येत नव्हतं.

आज घरी जाताना मी दोन स्टॉप आधी उतरले. दुकानांच्या रांगेवरून चालत राहिले. एका दुकानात पडदे लावून दाखवत होते, एका काचेमागे डोकी नसलेले पुतळे कोट घालून उभे होते. बाबांना काय सांगायचं याचे मी मनात तीन प्रकार तयार केले. गुंगीत ऐकू येण्याच्या पातळ्या बदलतात, हे एक. कवटीच्या हाडातून आवाज पोचू शकतो, हे दुसरं. तिसरं, माणूस जाताना कान सगळ्यात शेवटी जातात, जे सगळेच सांगतात. तिन्हींत थोडं थोडं खरं होतं, आणि माझ्या तोंडून आलं असतं तर बाबांनी विश्वास ठेवला असता. माझ्या ज्ञानाचा एवढाच उपयोग उरला होता. त्या एका समजुतीवर ते बावीस दिवस उभे होते, की तिनं ऐकलं आणि मग ती गेली. ती काढून घेतली तर त्यांच्याखाली काय राहतं ते मला दिसत नव्हतं. आणि माझ्याखाली तर काहीच नव्हतं. ते पाऊण तासाचं बोलणं कुठे गेलं, हा प्रश्न मी कुणाला विचारू शकत नव्हते. आई असती तर तिला विचारला असता.

दार उघडलं आणि ती शीळ ऐकू आली. बारीक, अखंड. बाबांनी झाकणं बंद करून मशिनं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली होती आणि ती एकमेकांचा आवाज ऐकून शीळ घालत होती. बाबा समोरच बसले होते. त्यांना ती ऐकू येत नव्हती. तेवढा बारीक आवाज लेथनं त्यांच्यातून कधीच काढून नेला आहे. मी पुढे होऊन झाकणं उघडली. पर्स खुर्चीच्या पाठीला होती, पट्टा दुहेरी दोऱ्यानं शिवलेला.

"ही तिच्याबरोबर गेली असं तू म्हणाली होतीस."

"तुम्ही म्हणालात, बाबा. मी गप्प राहिले."

"तेच ते." त्यांनी एक मशिन बोटानं सरळ केलं. "म्हणजे त्या दुपारी तिच्या कानात काही नव्हतं."

"नव्हतं. सकाळी मीच काढली. दुपारी मला आठवलं नाही."

"पण जवळ जाऊन सांगितलंस ना? कानाशी?"

"कानाशी. पण हळू."

"किती हळू?"

दुसरं कुणी हा प्रश्न विचारला नसता. या माणसानं चौतीस वर्षं केसाच्या जाडीच्या हिशेबात लोखंड कापलं होतं. माझे तिन्ही प्रकार तयार होते. मी म्हटलं, "एकेचाळीस."

"आणि तिला किती लागायचं?"

"पंचाहत्तर."

त्यांनी मान हलवली. कामगार चुकलेला भाग हातात घेऊन बघतो तसं ते टेबलाकडे बघत होते. "मग मापात बसतच नाही," ते म्हणाले. आणि मग, "मी गेलो असतो तर?"

"कदाचित–"

"कदाचित नको. माप सांग."

"ऐकलं असतं तिनं."

ते उठले, नळापाशी गेले, पेला भरला, प्यायले नाहीत. माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांच्या सदऱ्याची कॉलर मागे दुमडलेली होती आणि ती सरळ करायला आता घरात कुणी नाही, हे मला तेव्हा दिसलं. मी उठून सरळ केली नाही. मला तो हक्क नाही असं वाटलं. ते तसेच उभे राहून म्हणाले, "माझं वाक्य तर अर्ध्या मिनिटाचं होतं. तू पाऊण तास आत होतीस. काय करत होतीस?"

"बोलत होते."

"तिच्याशी?"

"आधी तिच्याशी."

ते वळले. "मग?"

"मग... आई बोलायची तसं. ज्याच्याशी बोलायची, त्याच्याशी."

"तू?" त्यात टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते. "तू तर मानत नाहीस."

"हो. म्हणजे नव्हते. ठाऊक नाही, बाबा."

"काय बोललीस?"

"पहिल्यांदा तुमचंच वाक्य सांगितलं. मग म्हटलं, मला काही करता येत नाहीये, डॉक्टरांनाही येत नाहीये. आता तू बघ. तेच तेच म्हणत होते." एवढ्यावर थांबता आलं असतं. "आणि असं वाटत होतं की कुणीतरी ऐकतंय. आई नव्हे. आईकडून काहीच येत नव्हतं. तरी मी एकटी बोलत नव्हते."

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. आमच्या आलेखांवर खाली एक रकाना असतो, उत्तरं कितपत भरवशाची होती ते लिहायचा. माझ्यासमोर कुणी असं सांगितलं असतं तर त्या रकान्यात काय लिहायचं हे मला नक्की ठाऊक होतं. पण ते आमच्या स्वयंपाकघरात, माझ्या आवाजात बोलून झालं होतं, आणि ते परत घ्यावं असं मला वाटेना.

बाबा खुर्चीत बसले. "तू बघ म्हणालीस, आणि ती तर गेली."

"हो."

"मग त्यानं काय बघितलं?"

"ठाऊक नाही."

त्यांनी पुन्हा मान हलवली, आणि मला वाटलं की मी दुसरं काही म्हटलं असतं तर ते उठून गेले असते. बाहेर कुणाची तरी गाडी मागे घेतली जात होती. खिडकीतला उजेड भिंतीवरून खाली सरकत टेबलाच्या पायापर्यंत आला होता. दिवा लावायला दोघांपैकी कुणी उठलं नाही.

"पण ऐकलं म्हणतेस."

"मला तसं वाटलं. एवढंच सांगू शकते."

"माझं वाक्य पण?"

"ते तर पहिलं होतं."

"हं." त्यांनी दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवले. डाव्या तर्जनीचं पेर लेथनं नेलेलं आहे, ते बोट नेहमी जरा वर राहतं. "त्याला म्हणजे मापाचं काही नसेल," ते स्वतःशीच म्हणाले. "एकेचाळीस काय नि पंचाहत्तर काय." मग माझ्याकडे न बघता, "तिच्यापर्यंत पोचवेल?"

मला येत असलेलं सगळं संपलं होतं, त्या दुपारसारखंच, आणि आश्चर्य म्हणजे मला त्याची तेवढी भीती वाटली नाही.

"सुरुवात कशी करतात?" त्यांनी विचारलं.

"करतात काही नाही. बोलायचं."

"तुझ्या आईला सवय होती. मला एकदम कसं..." त्यांनी घसा खाकरला. पाठ सरळ केली. दुमडलेली कॉलर त्यांच्या हाताला लागली तशी ती त्यांनीच नीट केली. नोकरीच्या अर्जासाठी साहेबापुढे बसावं तसे ते बसले होते, बासष्ट की त्रेसष्ट वर्षांपूर्वी शाळेत बसले असतील तसे. हळू बोलायचा त्यांनी प्रयत्न केला, तो फसला, आणि आवाज आपल्या नेहमीच्या उंचीवर खोलीभर झाला.

"मी तिचा नवरा बोलतोय," ते म्हणाले. आणि थोडं थांबून, "तिनं माझ्याबद्दल सांगितलं असेलच."

आम्ही तसेच बसून राहिलो, पुढचं त्यांना सुचेपर्यंत.